साच्यात न आलेली दाढ

देव माणसाला दात दोनदा देतो. तिसऱ्यांदा मागायला गेलं की तो हात वर करतो आणि म्हणतो, आता बत्तिशीमामांकडे जा. निदान बत्तिशीमामांची तरी अशी पक्की समजूत होती, आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मोकळेपणानं सांगत.

मामा कवळ्या करायचे. रस्त्याला लागून एक खोली, मागं राहतं घर, मधे पडदा. पडद्याच्या अलीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ, पलीकडे मामींचं राज्य. धुळीनं पडदा ओलांडायचा नाही असा मामींचा कायदा होता. खोलीत स्पिरिटचा दिवा, मेण कोरायची सुरी, घासायचं चाक आणि तीन भिंतींना फळ्या. फळ्यांवर गिऱ्हाइकांचे जबडे मांडलेले, प्लॅस्टरचे, पांढरेफटक, सगळे आ वासून. नवखा माणूस आत आला की आधी दचकायचा. मामांना मात्र ती मंडळी घरच्यासारखी. एखादा जबडा उचलून, उजेडाकडं धरून ते त्या माणसाचं सगळं चरित्र वाचून दाखवायचे.

"हा बघा. दाढा कशा सपाट झाल्यात. झोपेत दात खातो. घरात कुणावर चालत नाही, मग दातांवर काढतो."

"आणि हा?" समोरचा विचारायचा.

"हा एकाच बाजूनं खातो. हट्टी आहे. बायको दुसऱ्या बाजूला बसत असणार."

तिथून पुढं निरूपण रंगात आलं की मामा त्यांचा सिद्धांत मांडायचे. साच्यात येतं ते खरं. बाकी सगळी बोलाची कढी. माणूस खोटं बोलेल, आरसा खोटं बोलेल, प्लॅस्टर बोलणार नाही.

मामांच्या लेखी जगात दोनच जातीचे लोक होते. दात बसवणारे आणि दात काढणारे. बसवणारे कलावंत, काढणारे कसाई. कसायांनी काढले नसते तर कलावंतांनी बसवले कुठं असते, असं मामींनी एकदा विचारलं होतं. त्यावर मामांनी दोन दिवस चाक जरा जोरातच फिरवलं. खरं तर गिऱ्हाइकाचे चार दात डळमळीत दिसले की मामाच म्हणायचे, "त्यांची आशा सोडा. सगळे काढून या, एकदम नवी कोरी बत्तिशी बसवतो. अर्ध्या वाटेवरच्या सोबत्यांचा काय भरवसा?" आणि ते बिचारं जाऊन चांगले-वाईट सगळे उपटून यायचं.

देवालाही विनोद कळतो. त्यानं मामांना एकुलती एक लेक दिली आणि लेकीनं निवडून आणला तो जबड्याचा सर्जन. हाडात रुतलेले, वाकडे, लपलेले दात कापून काढणं हेच त्याचं रोजचं काम. तोंडावर मामा त्याला "जावईबापू, या, बसा" म्हणायचे. पाठ वळली की "आपला कसाई." जावई सालस होता. त्याला दोन्ही नावं ठाऊक होती आणि तो दोन्हींना ओ देत असे.

मामांचे स्वतःचे दात म्हणजे दुकानाची पाटी. साठी उलटली तरी एक हलला नव्हता. नावाला बत्तिशीमामा, पण मोजले तर एकतीस भरत. तीन अक्कलदाढा सरळ आल्या होत्या, डावीकडची खालची कधी उगवलीच नव्हती. "देवानं दिलीच नाही," मामा म्हणायचे, "त्याला वाटलं, एवढ्यावर भागेल याचं." या एकतिसांसकट आपण वर जाणार आणि ज्याचे त्याला परत करणार, हा त्यांचा पण होता.

दुखणं आलं ते नेमकं त्या न आलेल्या दाढेच्या जागी.

आधी नुसती ठणक. मग शेवटच्या दाढेमागची हिरडी फुगली, चावताना वरची दाढ तिच्यावर आपटायला लागली. मग तोंडाला एक वास यायला लागला, जो मामांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडात ओळखला होता आणि आता स्वतःच्या तोंडात ओळखायला ते तयार नव्हते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, लवंगेच्या तेलाचा बोळा झाला. मामा उजव्या बाजूनं खाऊ लागले, पुढं पावाचा मऊ गर तेवढाच खाऊ लागले, शेवटी नुसतं सूप. मामींनी हे पहिल्याच दिवशी पाहिलं आणि चौथ्या दिवशी बोलून दाखवलं. मधले दिवस त्या वाट बघत होत्या.

"अहो, दाढ दुखतेय का?"

"माझी? माझी कशाला दुखेल?"

"मग पावाची कड बशीत कुणासाठी ठेवलीत?"

"कडक आहे."

"गेल्या आठवड्यात दगड चावून दाखवत होतात त्या मास्तरांना."

मामांनी पडदा ओढला. लेकीला कळलं तर जावयाला कळणार, आणि जावयाला कळलं तर जावयासमोर आ करून बसावं लागणार. आयुष्यभर ज्याच्या धंद्याला नावं ठेवली त्याच्या हातात स्वतःचा जबडा द्यायचा, ही कल्पना ठणक्याहून जास्त ठणकत होती. शिवाय कवळीवाल्यानं गालावर हात ठेवून दुकानात बसणं म्हणजे न्हाव्यानं टक्कल दाखवत वस्तरा परजण्यासारखं.

तेव्हा त्यांनी ठरवलं की या प्रकरणाचा निकाल शास्त्रानं लावायचा. म्हणजे साच्यानं.

दुपारी दुकान बंद करून त्यांनी माप घ्यायची पूड पाण्यात कालवली. तोंड दीड बोटापलीकडं उघडत नव्हतं, म्हणून अर्ध्या जबड्याचा छोटा ट्रे घेतला, त्यात तो गुलाबी लगदा भरला, ट्रे तिरका करून गालातून आत सारला आणि खाली दाबला. डोळ्यांत पाणी आलं, पण माप चोख बसलं. लगदा घट्ट झाला. मामांनी ट्रे ओढला. ट्रे येईना. आत जाताना तिरका गेला होता, आता सरळ होऊन बसला होता आणि बाहेर यायला राजी नव्हता. मामांनी आरशात पाहिलं. तोंडातून लोखंडी दांडी बाहेर, कडेनं गुलाबी फेस. मग त्यांनी लग्नानंतर प्रथमच पडद्याच्या चौकटीवर टकटक केली.

मामी आल्या. त्यांनी आधी दांडीकडं बघितलं, मग मामांकडं.

"गिऱ्हाइकांना हेच करता होय?" त्या म्हणाल्या.

"ऊं," मामा म्हणाले.

"आणि ते परत येतात?"

"ऊं ऊं."

मामींनी पदर खोचला, एक हात मामांच्या कपाळावर टेकवला, दुसऱ्यानं दांडी धरली आणि अडकलेलं खिडकीचं दार उघडतात तसा एक हिसका दिला. ट्रे आला. मामा जरा वेळ खुर्चीत देवाचं नाव घेत बसले.

प्लॅस्टर ओतलं, वाळलं, साचा सोडवला. सुंदर जबडा निघाला. फक्त शेवटच्या दाढेमागं एक उंचवटा आला होता, वाटाण्याएवढा. आता माप घेताना लगद्यात हवा राहिली की प्लॅस्टरवर असे फुगे येतात, आणि असे फुगे खरवडून टाकायचे ही मामांच्या हाताची चाळीस वर्षांची सवय. हातानं डोक्याला विचारलंही नाही. सुरी फिरली, उंचवटा गेला, त्या जागी बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत. मग मामांनी तो जबडा मामींसमोर धरला.

"बघा. आहे काही? दाढ नाही, मूळ नाही, सूज नाही. साच्यात काही नाही म्हणजे काही नाही. वारा असेल."

"वारा," मामी म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी लेकीला फोन केला.

रविवारी लेक-जावई जेवायला आले. जावई समोरच बसला होता. मामांनी सुपाचा चमचा उलटा करून, ओठांच्या फटीतून आत कसा नेला, हे त्यानं पाहिलं. लेकीनंही पाहिलं.

"बाबा, आ करा बघू," लेक म्हणाली.

"जेवताना?"

"जेवताना माणूस आ करतोच. तुम्ही करत नाही आहात, म्हणून म्हटलं."

"बाबा," जावई हळूच म्हणाला, "आपली तीन बोटं उभी तोंडात मावली पाहिजेत. तुमची किती मावतात?"

"मी बोटं खात नाही, जावईबापू."

मामी हसल्या. मामांना तेवढ्यानं जोर आला. ते उठले, पडद्यापलीकडून साचा घेऊन आले आणि वकिलानं पुरावा ठेवावा तसा तो जावयाच्या ताटाशेजारी ठेवला. जावयानं हात पुसले, साचा उचलला आणि उजेडाकडं धरला, अगदी मामा धरायचे तसा. मामांना ते आवडलं नाही.

"काम फार सुरेख आहे, बाबा."

"ते सांगायला नको."

"फक्त इथं, शेवटच्या दाढेमागं, सुरी फिरलीय का?"

मामांनी पाण्याचा घोट घेतला. तो गिळताना घशाशी दुखलं.

"फुगा होता."

"प्लॅस्टरचा?"

"मग कशाचा?"

"हिरडीचा असेल," जावई म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं. "बाबा, साचा खोटं बोलत नाही, पण तो हिरडीच्या वरचंच बोलतो. खाली काय आहे ते त्याला कुणी दाखवलेलंच नाही. एक फोटो काढू या. एक्स-रे. तुम्हाला हातही लावत नाही मी."

"फोटो तुमचे तुम्ही बघा. मला काही झालेलं नाही," मामा म्हणाले, आणि तेवढं बोलायला त्यांना इतके कष्ट पडले की वाक्य संपेपर्यंत त्यावर कुणाचाच विश्वास उरला नाही. त्यांचाही नाही.

पण माणूस मानी असला की दुखणं त्याला मानानं वागवत नाही. मंगळवारी दुकानात ताप भरला. डाव्या जबड्याखाली सूज पसरली. एक शाळेतल्या बाई आल्या, कवळी रुमालात गुंडाळून. "मामा, टोचतेय हो, इथं."

"सवय होईल," मामा दातांच्या फटीतून म्हणाले.

बाईंनी चष्मा वर करून त्यांच्याकडं पाहिलं. "तुमच्या गालाला झालीय का सवय?"

बाई रागावल्या नव्हत्या, त्यांनी सहज विचारलं होतं. मामा त्यावर उत्तर द्यायला गेले, तर त्यांना थुंकीही गिळता येईना. संध्याकाळी मामी आणि लेक दोन्ही बाजूंनी धरून त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. दुकानाचं दार बंद करताना मामींनी फळ्यांकडं पाहून म्हटलं, "बसा आ करून. तुमचा पुढारी आला की सांगेल तुम्हाला."

यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारून थांबलं आणि मामांचा सगळा जबडा पडद्यावर उमटला, काळ्यावर पांढरा. मामांनी त्याच्याकडं सवयीनं पाहिलं, जसं दुसऱ्या कुणाचं पाहावं. दाढा चांगल्या. मुळं लांब. मग डोळे डाव्या जबड्याच्या टोकाशी गेले आणि तिथंच अडले.

बत्तिसावी होती. खाली, हाडात, आडवी पडलेली. पाय मागं पसरून, डोकं पुढच्या दाढेच्या कमरेत खुपसून. जागा अपुरी पडलेल्या घरात पाहुणा आडवा होतो आणि झोपेत यजमानाला भिंतीकडं ढकलत राहतो, तशी ती कित्येक वर्षं ढकलत होती.

"ही..." मामा म्हणाले.

"तुमचीच," जावई म्हणाला. "दिली होती देवानं. यायला वाट मिळाली नाही."

"अक्कलदाढ लपून बसली होती म्हणायची," मामी म्हणाल्या. "आता कुणाला सांगायला नको, घरात सगळ्यांना ठाऊकच होतं."

जावयानं पेनाच्या टोकानं दाखवलं. पुरलेली प्रत्येक दाढ काढावीच लागते असं नाही, तो म्हणाला. गप्प पडून असेल तर नजर ठेवायची आणि तिला तिच्या घरी राहू द्यायचं. पण हिचं एक टोक हिरडीला भोक पाडून बाहेर डोकावतंय. त्या फटीत अन्न अडकतं, सडतं, पू होतो, तोंड मिटतं. सूज गळ्याकडं उतरली तर श्वासावर येतं. काहींच्या अशा दाढेभोवती पाण्याची पिशवी धरते आणि हाड पोखरते, तसं इथं दिसत नाही. "पण हे दिसतंय." पेन पुढच्या दाढेच्या मागच्या अंगावर टेकलं. तिथं, जिथं पांढरं असायला हवं, एक काळी खाच होती.

मामांना सांगावं लागलं नाही. ती त्यांची शेवटून पहिली, सगळ्यांत भक्कम दाढ. जिच्यावर ते अक्रोड फोडून दाखवायचे.

"ही जाणार?"

"आत उघडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, बाबा. हाडातली काढायलाच हवी. हिला वाचवायला बघू. आणखी एक, आधीच सांगतो. खालून ओठाची नस जाते, अगदी जवळून. क्वचित ओठ काही दिवस बधिर राहतो. फार क्वचित कायमचा."

"करणार कोण?"

"तुम्ही म्हणाल तो. माझ्याहून वडीलधारे दोघं आहेत इथं. त्यांच्यापैकी कुणालाही विचारतो."

हे त्यानं अगदी सरळ सांगितलं. मामा मामींकडं बघू लागले. मामी खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांना बाहेर काहीही बघायचं नव्हतं.

"आधी ताप उतरू दे," मामा शेवटी म्हणाले. "मग... कसाई घरचा असलेला बरा. निदान सुरी कुठली ते ठाऊक असतं."

औषधानं सूज उतरली, तोंड उघडलं आणि ठरल्या सकाळी मामा खुर्चीत आडवे झाले. देवाच्या दारात आणि या खुर्चीत राव-रंक सारखेच. दोघांनाही वरच बघावं लागतं आणि बोलता येत नाही. सुया टोचल्या. ओठ, जीभ, गाल एकेक करून घर सोडून गेले. मामांनी डोळे मिटले आणि नामस्मरण सुरू केलं. पण नाम दोन वेळा घेऊन होतं न होतं तोच त्यांचे कान टवकारले.

चाक फिरत होतं.

त्यांच्या दुकानातल्या चाकाहून खूप बारीक, खूप वेगवान, पण चाकच. आणि चाकाची भाषा मामांना आईच्या भाषेइतकी येत होती. हात घाईत असला की चाक किंचाळतं. हात दाबत असला की त्याचा सूर खाली बसतो आणि जळका वास येतो. मामा ऐकत राहिले, चूक पकडायला बसलेल्या परीक्षकासारखे. सूर बसला नाही. किंचाळी आली नाही. थोडं फिरायचं, पाणी सुटायचं, थांबायचं, पुन्हा फिरायचं. हाडाचा एक कण निघाला असावा. मग सूर बदलला, म्हणजे आता दात लागला. आडवी दाढ सबंध ओढली तर हाड मोडेल, म्हणून तो तिचं डोकं धडापासून वेगळं करत होता. कुठं थांबायचं ते त्याला कळत होतं. मामांनी स्वतः दोन शिकाऊ हाताखाली तयार केले होते आणि दोघांनाही नेमकं हेच कधी जमलं नव्हतं. नामस्मरण कुठं राहिलं ते मामांना कळलंच नाही. देवानं ते समजून घेतलं असणार. ऐकणं त्यालाही आवडतं.

एक कट्ट आवाज आला. मग दुसरा. बशीत काही तरी पडलं.

"निघाली," जावई म्हणाला. मग छोटा आरसा आत सरकला आणि तिथंच थांबला. "बाबा. शेजारचीला खड्डा पडलाय. दिसतोय मला. खोल आहे, पण दाढेच्या आतल्या नसेपर्यंत गेलाय की नाही ते सांगता येत नाही. आत्ता काढली तर एकाच बसण्यात सगळं मिटेल. ठेवली तर साफ करून भरतो, पण ती जगेलच असं मी लिहून देणार नाही. मेली तर पुन्हा या खुर्चीत यावं लागेल. तुम्ही सांगा."

मामांच्या तोंडात नळी, बोळा आणि दुसऱ्याची दोन बोटं होती. डोक्यात मात्र त्यांचाच आवाज घुमत होता, दुकानातला, मोठा, खात्रीचा: डळमळीताची आशा सोडा, सगळे काढून या. किती लोकांना सांगितलं होतं हे. त्यातल्या किती जणांची एखादी दाढ अशीच पन्नास-पन्नास होती, हे कुठल्याच साच्यात आलं नव्हतं. आणि ते लोक मामांचं ऐकून गेले होते, कारण मामा ऐटीत सांगायचे.

त्यांना ती दाढ हवी होती. इतकी हवी होती की त्यांना लाज वाटली. पण आपल्याला हवी आहे म्हणून ती चांगली ठरत नाही, हेही त्यांना प्रथमच कळत होतं. त्यांनी हात वर केला. बोट आधी स्वतःच्या गालाकडं गेलं, थबकलं, आणि मग वळून जावयाच्या छातीवर टेकलं.

"मी ठरवू?"

मामांनी डोळे मिटले.

"मग ठेवू या," जावई म्हणाला, आणि कामाला लागला. काढणाऱ्यांचा जातभाई असून.

पुढचे दिवस घरात मोठे शांततेचे गेले. बोलायचं नाही, थुंकायचं नाही, गरम प्यायचं नाही, असा हुकूम होता. पहिल्यावर तर मामांचं अर्धं आयुष्य उभं होतं. मामी पडद्याचा कायदा बाजूला ठेवून दुकानात येऊन बसल्या आणि गिऱ्हाइकांशी परस्पर बोलू लागल्या. गिऱ्हाइकांचं म्हणणं पडलं की दुकान बरंच सुधारलंय. ओठ दुसऱ्या दिवशी परत आला, मुंग्या घेऊन, आणि मामांनी आरशासमोर त्याला बराच वेळ हलवून पाहिलं. गाल निळा झाला, पिवळा झाला, मग माणसाच्या रंगाचा झाला. टाके निघाले. पण शेजारची दाढ गप्पच होती. ठणकत नव्हती, काही सांगत नव्हती. मामा तिला जिभेनं चाचपायचे. एखाद्याच्या दाराशी उभं राहून आत हालचाल होते का ऐकावं, तसे.

"गप्प आहे म्हणजे चांगलं ना?" मामी म्हणाल्या.

"मेलेलंही गप्पच असतं," मामा म्हणाले.

तीन आठवड्यांनी ते पुन्हा खुर्चीत बसले. मामी आणि लेक दाराशी. जावयानं कापसाच्या बोळ्यावर गारेगार फवारा मारला, बोळा बर्फासारखा पांढरा झाला. आधी त्यानं तो उजव्या बाजूच्या चांगल्या दाढेला लावला. मामा दचकले.

"हे असं लागायला हवं," जावई म्हणाला. "नस जिवंत असेल तर. आता डावीकडची. काही वाटलं की हात वर करा."

बोळा टेकला. मामा छताकडं बघत होते. काही नाही. जावयाचा हात स्थिर होता, पण त्याचा श्वास थांबलेला मामांना ऐकू आला. दाराशी कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मामांनी मनात म्हटलं, देवा, एकतीस नकोत, तीसच परत घे, पण या पोराला माझ्याकडं बघून मान खाली घालायला लावू नकोस.

आणि मग आतून, खूप खोलातून, एक बारीक तार ओढल्यासारखी कळ निघाली, चढली आणि थेट कानापर्यंत गेली. मामांनी हात वर करायचा सोडून जावयाचं मनगटच धरलं.

"लागलं," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "लागतंय, बाळा. चांगलं कळवळून लागतंय."

"थांबू?"

"पुन्हा लाव एकदा."